तीनशेचा आकडा

कोल्हापुरात दुसऱ्या दिवशी गाड्यांची शर्यत होती, आणि मोटार क्लबचे अध्यक्ष सरनोबत साहेब सकाळपासून नुसते येरझाऱ्या घालत होते. त्यांनी गाडीचं इंजिन नव्यानं बांधून घेतलं होतं आणि ताकद तीनशे हॉर्सपॉवरला पोचली, असं गावभर सांगितलं होतं.

केतकी हुद्दारच्या तपासणी केंद्रात गाडीची चाकं ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या रोलरवर चढली. इंजिन गरजलं आणि पडद्यावर आकडा उमटला, दोनशे दहा. क्लबची मंडळी दारातून बघतच होती.

“यंत्र बिघडलंय तुमचं,” साहेब म्हणाले.

केतकीनं पुन्हा मोजून दाखवलं. आकडा तोच आला.

साहेब तिच्या टेबलावर वाकले आणि हळूच म्हणाले, “ताई, दाखल्यावर तीनशे लिहा. नाहीतर क्लबची एकही गाडी इथं येणार नाही.”

क्लबच्या गाड्यांवरच केतकीचं केंद्र चालत होतं. तिनं पेन उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “लिहिते की, साहेब. फक्त शर्यतीचा गट या आकड्यावर ठरतो. तीनशे लिहिलं, की उद्या तुम्ही मोठ्या गटात, बेंगळुरूच्या तगड्या गाड्यांबरोबर पळणार.”

रुमालानं मान पुसत साहेबांनी दारातल्या मंडळींकडं पाहिलं.

“यंत्र चोख आहे हो,” ते म्हणाले. “दोनशे दहाच लिहा.”