रानाईचं नाव

फार जुनी गोष्ट. एका खोऱ्यात रानाई नावाची वनदेवी राहायची. पाणवठ्याला तोंड लावण्याआधी प्रत्येक जनावर विचारायचं, "रानाई, येऊ का गं?" ती म्हणायची, "ये बाळा."

एकदा एक पंडित खोऱ्यातल्या प्राण्यांची यादी करायला आला. ती हाक ऐकून त्यानं यादीच्या माथ्यावर 'रानाई' लिहिलं.

"आता आपण सगळे मिळूनच रानाई!" भेकर ऐटीत म्हणालं.

"मग विचारायचं तरी कुणाला?" म्हणत साळिंदरानं थेट पाण्यात तोंड घातलं. बाकीच्यांनीही तेच केलं.

पुढे देशोदेशीचे पंडित आपापल्या मुलखातल्या साऱ्या जनावरांना मिळून 'रानाई' म्हणू लागले.

नाव कानावर पडलं की देवी अजून लगबगीनं म्हणते, "ये बाळा." येत मात्र कुणीच नाही.