हेमा जेवली का?

परदेशात दोन वर्षं राहायला गेलेल्या हेमांगीला मोबाइलचा नंबर हवा होता. सिमकार्डाच्या दुकानाचा मॅनेजर म्हणे, “आधी बँकेत खातं उघडा.” बँक म्हणे, “आधी नंबर आणा.” हेलपाटे घालून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“तोवर घरच्यांनी फोन कुठे करायचा?”

“तो तुमचा प्रश्न,” मॅनेजर तोऱ्यात म्हणाला.

“आता तुमचाही!” म्हणत तिने दुकानाच्याच वायफायवरून दुकानाचा नंबर घरच्या ग्रुपवर टाकला.

काउंटरवरचा फोन खणाणला. मॅनेजरने उचलला. मावशी मोडक्या इंग्रजीत विचारत होती, “हेमा जेवली का?” मग आत्या, मग काकू, प्रश्न तोच. गिऱ्हाइकं खोळंबली.

“थांबवा हे!” मॅनेजर ओरडला.

“मग मला नंबर द्या,” हेमांगी कडाडली, “नाहीतर मी जेवले की नाही, ते दोन्ही वेळा तुम्हीच सांगत बसा!”