काळीतलं दुमजली घर

एक गाव होतं, आणि गाव म्हटलं की पाटील आलाच. या पाटलाचं नाव येमाजी. मिशी एवढी, की बोलताना आधी ती हलायची, मग शब्द यायचे.

गावाची घरं पांढऱ्या मातीच्या टेकाडावर होती आणि शेतं खाली काळ्या रानात. टेकाड म्हणजे पांढरी, रान म्हणजे काळी. पांढरीत राहायचं, काळीत पिकवायचं. हे शाळेत न गेलेल्यांना पक्कं ठाऊक होतं. शाळेत गेलेल्यांची खात्री देता येत नाही.

जवळचं शहर मात्र दरसाल हातपाय पसरत होतं. एक दिवस तिथला मुकुंदशेठ आला. म्हणाला, "पाटील, सगळी काळी द्या. घरांच्या रांगा उभ्या करतो. पहिलं दुमजली घर तुमचं, फुकट."

पाटलाच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याच्या शब्दाबाहेर गावात कुणी नव्हतं. तो हो म्हणाला, की चाळीस घरांची शेतं गेलीच.

बायको राहीबाई चुलीपुढूनच म्हणाली, "आधी एकच बांधा म्हणावं. एक उन्हाळा, एक पावसाळा राहून बघा. मग लोकांची रानं द्या."

"तुला काय कळतंय त्यातलं," पाटील म्हणाला. आणि बाहेर जाऊन तिचंच म्हणणं स्वतःचं म्हणून शेठला सांगितलं.

हिवाळ्यात पाटलाच्या रानात घर झालं. राहीबाई काही पांढरी सोडून आली नाही. उन्हाळ्यात काळी भेगाळली, तशा भिंतीही भेगाळल्या. पाटलाने भेगांवर देवांच्या तसबिरी लावल्या. तसबिरी संपल्या, भेगा संपेनात.

श्रावणात काळी फुगली, चौकट वाकडी झाली आणि एका सकाळी दार घट्ट बसलं. पाटील आत. नेमका त्याच दिवशी शेठ शहरातली गिऱ्हाइकं घेऊन घर दाखवायला आला. मागोमाग गावही जमलं.

दार उघडेना, तसा शेठ खिडकीशी येऊन कुजबुजला, "पाटील, पूजेला बसलोय म्हणा. ही माणसं खूश होऊन गेली, की काम फत्ते."

पाटलाने बाहेर पाहिलं. गिऱ्हाइकांच्या मागे चाळीस घरांची तूर गुडघाभर झाली होती. एक शब्द खोटं बोलायचं, बस्स. मिशी हलली, शब्द काही येईना.

मग तो मोठ्याने म्हणाला, "मंडळी, पूजा नाही न् काही नाही. दार अडकलंय. घर जागोजाग चिरलंय. ही माती पिकवायची, राहायची नाही. मला लोभ सुटला होता. काळी द्यायची नाही."

एवढं बोलून पाटील खिडकीतून निघाला आणि पोटापाशी अडकला. चौघांनी ओढून काढला. पाटील बाहेर आला, धोतर खिळ्याला राहिलं.

गिऱ्हाइकं आल्या वाटेने गेली. शेठ त्यांच्याही पुढे.

वर्षभर गाव पाटलाला हसत होतं. पण काळीचा एक वाफाही कुणी विकला नाही.

तात्पर्य: पिकती जमीन पिकासाठीच राखावी, आणि आपली चूक कळली, तर चारचौघांसमोर खिडकीतून बाहेर पडायला लाजू नये.