किराईताची कडू वेळ

माझी शाळा लवकर सुटली. लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, शब्दही साधेच आहेत. सांभाळून घ्यावे.

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक सासू आणि सून राहत होत्या. त्यांच्या परसात किराईताचा वाफा होता. गावात कोणाला ताप आला की सासू त्या कडू झाडाचा काढा करून देई.

तिचा एक नेम होता. बी धरल्याशिवाय झाडाला विळा लावायचा नाही. ती म्हणे, "कळीवरचे झाड कापणे म्हणजे गरोदर बाईच्या पुढचे ताट ओढणे."

एकदा सुनेच्या लहान मुलीलाच ताप आला. सासूने सगळ्यांत उंच, शेंगांनी लगडलेले झाड निवडून काढा केला. ताप उतरेना. मुलगी डोळे उघडीना. सुनेने पुन्हा काढा पाजला, तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "आई, हे कडू नाही लागत."

तापाने पोरीची चव गेली असेल म्हणून सुनेने स्वतः घोट घेतला. तो पाणचट होता. ती वाफ्यात गेली. शेंगांच्या झाडाचे पान चावले, ते गवतासारखे लागले. शेजारी मागून उगवलेले लहान झाड होते, नुकत्याच कळ्या आलेले. त्याचे पान चावताच कडूपणा कानापर्यंत चढला.

तिने सासूला बोलावून दोन्ही पाने दिली. सून आता झाडांनाही वळण लावणार वाटते, असा टोमणा मारत सासूने ती चावली. मग वाफ्याच्या कडेलाच बसली.

"एकच माती, एकच पाणी," ती पुटपुटली. "कळी येईपर्यंत एवढा कडूपणा अंगात साठवते, आणि बी झाले की कुठे सोडून देते? इतकी वर्षे मी रिकाम्या घराची कडी वाजवत होते."

"मग कापू का, आत्याबाई?"

सासूने कळ्यांवरून हात फिरवला. आतून नातीचे कण्हणे ऐकू आले. तिने झाडाला हात जोडले आणि विळा स्वतःच चालवला.

तो काढा पिताना नात रडली, थुंकली, आजीला नको नको ते बोलली. आजी तिच्या शिव्या डोळ्यांत पाणी आणून ऐकत होती. हळूहळू मुलीला घाम फुटला, ताप उतरला.

तेव्हापासून त्या वाफ्यातली काही झाडे कळीवर कापतात, काही बियाण्याला राखतात.

तात्पर्य: औषधाच्या झाडाची उंची पाहू नये, त्याची वेळ ओळखावी.

ही गोष्ट मावशीने सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावरच्या किराईताचे कळीजवळचे एक पान चावले, आणि त्या वीतभर झाडापुढे उगाच उभा राहिलो.