रिकाम्या कोठारात मशाल

शत्रू गडाच्या पायथ्याशी येऊन बसला होता आणि तोफांना दारू मिळत नव्हती. गोलंदाज येसबा दारूखान्याचे दारोगा विसाजीपंत यांच्याकडे तीनदा जाऊन आला. पंत दरवेळी हात झटकत, "कोठारात चिमूटभरसुद्धा उरली नाही रे!" पण मग रिकाम्या कोठाराला दोन कुलपं आणि चार पहारेकरी कशाला? पंत शत्रूला सामील तर नाहीत, या शंकेनं येसबाचं जेवणावरचं मन उडालं.

चौथ्या दिवशी सकाळी तो किल्लेदारांनाच घेऊन आला. हातात पेटती मशाल होती.

"पंत, कुलपं काढा. आत शिशाचे तुकडे पडले असतील, तेवढे वेचून गोळ्या ओततो."

"मशाल घेऊन?"

"आत अंधार असतो ना!" असं म्हणत येसबा सरळ दाराकडे निघाला.

पंत धावत आडवे आले. "अरे मूर्खा, अख्खा गड उडेल!"

येसबानं तिथंच मशाल मातीत विझवली.

"ऐकलंत, सरकार? चिमूटभर दारूनं गड उडत नाही."

किल्लेदारांनी पंतांच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या. दुपारी तोफा धडाडल्या.