कासवाला दिलेला चेंडू

फार जुन्या काळी माळावरची पिल्लं कवठाचा चेंडू करून फुटबॉल खेळायची आणि म्हातारा रेडा त्यांना शिकवायचा.

नदीकाठच्या पिल्लांशी सामना ठरला. आदल्या दिवशी पाडस म्हणालं, "आजोबा, कासवाला बाहेर बसवा. त्याच्यापायी आपण हरू."

"बघू. आधी त्याला चेंडू तर दे."

पाडसाने सणसणीत लाथ मारली. चेंडू पार लांब गेला आणि कासव त्याच्यामागे निघालं. "बघा, अजून चालतंच आहे!"

"त्याचे पाय बघून दिलास का, बाळा?" रेड्याने हळूच विचारलं.

पाडस ओशाळलं. या वेळी त्याने चेंडू अलगद सोडला. कासवाच्या पाठीला लागून तो थेट पाडसाच्या पायाशी परत आला. मग दिवेलागणीपर्यंत दोघांचं तेच चाललं.

सकाळी रेड्याने मुद्दाम विचारलं, "मग, बसवू ना कासवाला बाहेर?"

पाडस चिडलं. "अहो आजोबा, मग मी चेंडू कुणाला देऊ?"