इतर, दोन टक्के

“म्हणजे हा सर्व्हे खोटा आहे, असंच ना बुवा?”

भानुनाथ बुवांनी मठाच्या चुलीतलं लाकूड थोडं मागं ओढलं. निखाऱ्यांवर टेकवलेली भाकरी फुगत होती. ते तिच्याकडेच पाहत राहिले.

दिगंबर मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी पुन्हा उलगडली. दोन दिवसांत ते पान इतक्यांदा उघडलं होतं, की घडीवर फाटायला आलं होतं.

वर तीन मोठी नावं, प्रत्येकापुढं जाडजूड पट्टी. त्याखाली ‘सांगता येत नाही’, अकरा टक्के. आणि अगदी तळाला ‘इतर’, दोन टक्के.

मास्तरांचे उमेदवार भगीरथ नाईकवाडे त्या ‘इतर’मध्ये होते. नाव छापायची गरज कुणाला वाटली नव्हती.

नाईकवाडे म्हणजे गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस. वाड्यावस्त्यांवर पायी जाऊन त्यानं अडलेल्या गाई सोडवल्या होत्या. आता निवृत्तीनंतर अपक्ष उभा होता. त्याची प्रचार कचेरी म्हणजे शिंप्याच्या दुकानामागची एक खोली, आणि कार्यकर्ते मोजून सहा.

परवा सर्व्हे आला तेव्हा त्या खोलीत काय झालं, ते मास्तरांनी सांगितलं. एक जण म्हणाला, वरून सांगतात तसंच हे छापतात. दुसरा म्हणाला, शहरात बसून फोन फिरवले असतील, आपल्या वाड्यांवर रेंज तरी आहे का? शिंपी मशीन न थांबवता म्हणाला, की आपली पट्टी त्याच्या काजापेक्षाही बारीक आहे. त्यावर सगळे हसले.

हसून झाल्यावर मात्र कुणी कुणाकडे पाहिलं नाही. काल खोलीत तिघेच आले. तिघांनी चहा घेतला आणि पावसापाण्याचं बोलून उठले.

“फोनवरचा सर्व्हे असेल तर चूक होऊ शकते,” मास्तर म्हणाले. तीस वर्षं गणित शिकवलेला आवाज होता तो. “नमुना चुकला की निष्कर्ष चुकतो.”

“फोनवरचा होता?”

मास्तरांनी वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं.

“नाही… आमच्या आळीत आले होते. एक बाई होती, हातात टॅब. घरोघर फिरली.”

“तुला विचारलं?”

“विचारलं.”

“काय सांगितलंस?”

मठाच्या पायऱ्यांखाली, गावाकडच्या उतारावर, कुणाची तरी शेळी ओरडली. 

“सांगता येत नाही, म्हणालो.”

बुवांनी भाकरी उलटली.

मास्तर घाईघाईनं बोलू लागले. तसं ठरलंच होतं, त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. कुणी विचारलं तर नाव घ्यायचं नाही. मोठ्यांना बेसावध ठेवायचं. गनिमी कावा म्हणा. आणि मतदानाच्या दिवशी एकदम… त्यांनी हात वर उचलला. वर गेल्यावर त्याचं काय करायचं ते न सुचल्यासारखा तो हळूहळू खाली आला.

“मग सर्व्हे खरा आहे,” बुवा म्हणाले. “तू सांगितलंस तेच छापलं त्यांनी.”

मास्तरांना ते लागलं. या मठात ते विशीपासून येत होते. तेव्हा बुवा त्यांना कोडी घालायचे आणि मास्तर ती चटकन सोडवायचे. आज सोडवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

“आमच्यातल्या चौघांना विचारलं होतं त्या बाईनं,” ते म्हणाले. आवाज उतरला होता. “त्यांनीही ठरल्याप्रमाणे लपवलं, की… की खरंच दुसऱ्या कुणाचं नाव सांगितलं, ते मला कळायला मार्ग नाही. मी त्यांना विचारू शकत नाही. तेही मला विचारत नाहीत.”

त्यांनी खिशातून एक कागद काढला. बूथवर बसायच्या एजंटचा फॉर्म होता. खाली नाईकवाड्यांची सही होती, एजंटच्या सहीची जागा कोरी. मास्तरांच्या गावातल्या बूथसाठी नाईकवाड्यांना दुसरा माणूस मिळाला नव्हता. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही, ते कळवायचं होतं.

बूथवर बसायचं म्हणजे सकाळी सातपासून अख्ख्या गावाच्या डोळ्यांसमोर बसायचं. ज्यांच्या मुलांना शिकवलं, ते सगळे बोटाला शाई लावून घेताना पाहणार, मास्तर कुणाचे आहेत ते. आणि मोजणीच्या दिवशी त्या बूथवर एकच मत निघालं, तर ते कुणाचं, तेही गावाला कळणार.

“तुम्ही नको म्हणालात तर मी परत करीन,” मास्तर म्हणाले. “तुमचा शब्द मोडला नाही मी कधी.”

बुवांनी फॉर्म घेतला. वाचला नाही. वाऱ्यानं उडू नये म्हणून पाण्याच्या तांब्याखाली ठेवला आणि म्हणाले, “जेवून घेऊ.”

त्या मठात जेवणाची एक जुनी रीत होती. बुवांचे गुरू उतारवयात आंधळे झाले होते. पंगतीला कोण बसलंय ते त्यांना दिसत नसे. म्हणून ओळीत बसलेल्यानं आपल्या पाळीला ‘आहे’ म्हणायचं. ‘आहे’ ऐकू आलं की समोर पत्रावळ पडायची. गुरू गेले, बुवांना चांगलं दिसत होतं, तरी रीत राहिली. मास्तरांच्या तरुणपणी तीस-चाळीस माणसांची ओळ असे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ‘आहे, आहे, आहे’ असा शब्द धावत जाई. आता कुणी येत नव्हतं. माणसं पोटामागं शहरात गेली होती, काही वर गेली होती.

दोघे भिंतीकडे पाठ करून बसले. समोर मोकळी ओसरी आणि तिच्यापलीकडे दुपारचं ऊन.

“आहे,” बुवा म्हणाले.

खणखणीत म्हणाले. मग त्यांनी स्वतःच उठून आपल्यापुढं पत्रावळ मांडली, भाकरी घेतली, हुलग्याची आमटी वाढून घेतली आणि जेवायला लागले.

मास्तर वाट पाहत राहिले.

बुवांनी दुसरा घास घेतला.

“बुवा… मी बसलोय.”

“हं.”

“दोघंच तर आहोत. दिसतोय की मी तुम्हाला.”

“दिसतोस,” बुवा म्हणाले आणि आमटीत भाकरी कुस्करू लागले.

मास्तरांना आधी हसू आलं, मग राग आला. साठी उलटलेल्या माणसानं शाळेतल्या पोरासारखी हजेरी द्यायची, तीही रिकाम्या ओसरीत. ते पाय दुमडून ताठ बसले. पोटात सकाळच्या चहाखेरीज काही नव्हतं. आमटीचा वास येत होता.

मग त्यांच्या मनात एक गोष्ट आली, आणि राग होता तिथंच विरला.

“कुणीच येत नाही त्या दिवशी काय करता बुवा?”

“जेवतो.”

“नाही, म्हणजे… तेव्हाही म्हणता?”

“म्हणतो.”

“कुणाला?”

 बुवा समोर पाहत चावत राहिले. ओसरीत ऊन थोडं पुढं सरकलं होतं.

मास्तरांना आपलं घर आठवलं. पूर्वी दारातून आत शिरताना ते “आलो गं” म्हणत. आतून कधी उत्तर येई, कधी नुसता भांड्यांचा आवाज. बायको जाऊन तीन वर्षं झाली. पहिले काही दिवस तोंडातून शब्द निघून जायचा. मग त्यांनी प्रयत्नानं तो बंद केला. आता ते कुलूप काढून गुपचूप आत जात, दुसऱ्याच्या घरात शिरावं तसे.

बुवांनी पाणी पिण्यासाठी तांब्या उचलला. खालचा फॉर्म वाऱ्यानं फडफडला आणि सरकत ओसरीच्या कडेकडे निघाला.

मास्तर गुडघ्यांवर पुढं झाले आणि त्यांनी त्यावर तळहात दाबला.

तसेच बसले थोडा वेळ, ओणवे. हाताखाली कागदाची कड फडफडत होती.

“आहे,” ते म्हणाले.

 शब्द त्यांचा त्यांनाच जेमतेम ऐकू आला.

बुवांनी शेजारच्या चवडीतली दुसरी पत्रावळ हातात घेतली. खाली मात्र ठेवली नाही.

“मोठ्यानं,” ते म्हणाले. “खाली गाव आहे.”